निन्जुत्सू शिकायचंय? आधी शिक्षक तपासा, मग पडायला शिका, पोशाख सगळ्यात शेवटी

कॉलेजं सुरू झाली की दरवर्षी मला निन्जुत्सू, म्हणजे जपानी निन्जांची लढण्याची विद्या, शिकू पाहणाऱ्यांचे एकाच धाटणीचे फोन येऊ लागतात. “ताई, काळा ड्रेस आलाय, तलवारपण मागवलीय. आता शिकवणारं कुणीतरी सांगा ना.” फोन करणारी मुलंमुली साधारण १८ ते २५ वयाची. हौस अगदी खरी, पण क्रम पूर्ण उलटा. आधी खरेदी, मग मोबाइलवर व्हिडिओ बघून गच्चीवर कोलांट्या, मग खांदा धरून डॉक्टरकडे, आणि शिक्षकाचा शोध सगळ्यात शेवटी.

मी स्वतः २१व्या वर्षी हेच केलं. एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये ‘निन्जा कमांडो शिबिर’ होतं, तिथे पूर्ण रक्कम एकदम भरली. खाली गुळगुळीत फरशी, समोर साठेक मुलं. चौथ्या दिवशी जोडीदाराने माझं मनगट झटक्यात पिरगळलं. त्याची चूक नव्हती. हळू कसं करायचं आणि कधी सोडायचं हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. शेवटच्या दिवशी सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र मिळालं. पुढे दीड महिना त्या हाताने पाण्याची बादली उचलवत नव्हती. नंतर खरे शिक्षक भेटले, त्यांनी पहिले तीन महिने मला फक्त पडायला आणि उभं राहायला शिकवलं.

खालचे टप्पे ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने घ्या. मधला एखादा गाळलात तर त्याची किंमत पुढच्या टप्प्यात मोजावी लागते.

## टप्पा १ : तुम्हाला नेमकं काय हवंय ते लिहून काढा

एका कागदावर एकच वाक्य लिहा: “मला हे शिकायचंय कारण…” आणि ते प्रामाणिकपणे पूर्ण करा.

स्पर्धा, पदकं, क्रीडा कोट्यातली नोकरी हे कारण असेल तर इथेच थांबा. निन्जुत्सूत स्पर्धा नाहीत. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण ते मान्यताप्राप्त स्पर्धांमधल्या कामगिरीवर मिळतं. ज्या विद्येत स्पर्धाच होत नाही, तिचं प्रमाणपत्र तिथे चालायचं कसं? “आमचं सर्टिफिकेट कोट्याला चालतं” असं कुणी म्हणालं, तर तो माणूस खोटं बोलतोय हे तुम्हाला पहिल्याच भेटीत कळलं. ज्युदो, कुस्ती, बॉक्सिंग यांतलं काहीतरी निवडा.

दोन महिन्यांत स्वसंरक्षण हवं असेल तरी ही वाट तुमची नाही. निन्जुत्सूचा पाया संथ आहे. पहिल्या वर्षात तुम्ही रस्त्यावरच्या मारामारीसाठी तयार होत नाही, आणि तसं सांगणारा शिक्षक तुम्हाला धोक्यात घालतो.

अंग मोकळं व्हावं, तोल सुधारावा, पडण्याची भीती जावी, अंतर आणि कोन यांची समज यावी, जुन्या जपानी पद्धतीने हळूहळू शिकावं असं वाटत असेल, तर पुढे वाचा.

## टप्पा २ : तीन नावं नीट ओळखा

जगभर आज ‘निन्जुत्सू’ म्हणून जे शिकवलं जातं, त्यातलं बहुतेक एकाच झाडाच्या फांद्या आहेत. मुळाशी तोशित्सुगु ताकामात्सु (१८८९–१९७२). त्यांचे शिष्य मासाआकी हात्सुमी यांनी चिबा प्रांतातल्या नोदा शहरात बुजिनकान ही संस्था उभी केली. तिच्यात नऊ घराण्यांची विद्या एकत्र शिकवतात. हात्सुमींकडून बाहेर पडलेल्या शोतो तानेमुरा यांनी १९८४ मध्ये गेनबुकान काढली आणि फुमिओ मानाका यांनी १९९६ मध्ये जिनेनकान. एवढं पाठ करा. समोरचा शिक्षक या तिन्हींपैकी कुठल्या फांदीवर बसलाय, हा तुमचा पहिला प्रश्न असणार आहे.

जुन्या निन्जांची म्हणून प्रसिद्ध असलेल्या जपानमधल्या इगा आणि कोका या गावांची नावंही ऐकाल. तिथली संग्रहालयं जरूर बघण्यासारखी आहेत, पण ती शाळा नव्हेत. इगाच्या संग्रहालयाशी जोडलेले जिनिची कावाकामी जुन्या परंपरेचे जाणकार मानले जातात, आणि आपण वारस नेमणार नाही असं त्यांनी जाहीरपणे सांगितलेलं आहे. त्यामुळे “मी थेट इगाच्या शेवटच्या निन्जाचा वारस” असं आपल्याकडे कुणी सांगत असेल तर दुसऱ्या मिनिटाला निघा.

सावध राहा. “आमची परंपरा ८०० वर्षांची” हा पुरावा नाही. बुजिनकानच्या नऊंपैकी तोगाकुरे-र्यू या घराण्याची जुनी वंशावळ कितपत खरी, यावर अभ्यासकांत वाद आहे आणि तो तुम्हा-आम्हाला सोडवायचा नाही. तुम्हाला तपासायच्या आहेत फक्त अलीकडच्या दोन-तीन पिढ्या: तुमचे शिक्षक, त्यांचे शिक्षक, आणि त्यांचे.

## टप्पा ३ : शोध चालू असतानाच शरीर तयार करा

निन्जुत्सू कराटे-तायक्वांदोसारखं गल्लोगल्ली मिळत नाही. शोधाला महिना-दीड महिना सहज जातो. तेवढ्यात शरीर कामाला लावा, म्हणजे पहिल्या दिवशी वर्गात धाप लागणार नाही.

खांदा कधी निखळला असेल, मानेचं किंवा कमरेचं दुखणं असेल, गुडघ्याचा लिगामेंट दुखावलेला असेल, फिट येत असतील, तर आधी डॉक्टरांना दाखवा. विचारताना “कराटेसारखं काहीतरी” असं मोघम सांगू नका. “जमिनीवर खांद्यावरून लोळावं लागेल आणि मनगट-कोपर पिरगळले जातील,” असं स्पष्ट सांगा. त्यावरच त्यांना नीट उत्तर देता येईल.

रोज वीस मिनिटं पुरतात. खोल उकिडवं बसणं, म्हणजे टाचा टेकवून बसता यायला हवं. आजीला सहज जमतं, आपल्याला खुर्चीने विसरायला लावलंय. मग वज्रासन पाच मिनिटं, कारण वर्गाची सुरुवात आणि शेवट जपानी ‘सेइझा’त होतो आणि ते आपलं वज्रासनच. दंड-बैठका जमतील तेवढ्या. घोटे, मनगटं, मान हलक्या हाताने फिरवणं. बस.

तपासा. टाचा न उचलता दोन मिनिटं उकिडवं बसता येतं का? जमिनीवरून हात न टेकता उठता येतं का? नसेल तर आणखी पंधरा दिवस हेच करा.

ही चूक टाळा. या काळात घरी व्हिडिओ बघून लोळण्या शिकू नका. चुकीची लोळण एकदा अंगात बसली की ती मोडायला दुप्पट वेळ जातो. मी स्वतः ती मोडली आहे, म्हणून सांगते.

## टप्पा ४ : फोन करा आणि पाच प्रश्न विचारा

मेसेजवर भागवू नका, फोन करा. माणूस प्रश्नांना कसा सामोरा जातो ते आवाजात कळतं. साधारण असं बोला:

“सर, नमस्कार. मी अमुक, वय २०, पुण्याहून बोलतोय. मला निन्जुत्सू सुरू करायचंय. त्याआधी थोडं विचारायचं होतं, चालेल का?”

मग हे पाच प्रश्न, याच ओळीने:

१. तुम्ही कुठल्या संस्थेचे?
२. तुमचे शिक्षक कोण, ते कुठे असतात?
३. तुमची श्रेणी कोणती आणि ती कुणी दिली?
४. तुम्ही स्वतः शेवटचं कधी आणि कुणाकडे शिकायला गेला होतात?
५. मी एक वर्ग नुसता बसून बघू शकतो का?

चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच लोक गाळतात. खरा शिक्षक अजून शिकत असतो. तो सांगेल, अमक्या महिन्यात बेंगळुरूला शिबिराला गेलो होतो, किंवा जपानला जाऊन आलो, किंवा पैशांअभावी दोन वर्षं जमलं नाही पण सरांशी संपर्क आहे. यांतलं कुठलंही उत्तर चांगलंच. “मला आता शिकण्यासारखं काही उरलं नाही” हे उत्तर मात्र वाईट. “माझे गुरू गुप्त आहेत, नाव सांगता येत नाही” हे तर त्याहून वाईट. गुप्तहेरांची विद्या असली तरी शिक्षकाचं नाव गुप्त नसतं.

## टप्पा ५ : श्रेणी आणि प्रमाणपत्र वाचायला शिका

बुजिनकानमध्ये नवशिक्या नवव्या क्यूपासून (क्यू म्हणजे काळ्या पट्ट्याआधीची श्रेणी) सुरू होतो आणि पहिल्या क्यूपर्यंत येतो. त्यानंतर काळा पट्टा, म्हणजे पहिला दान, आणि तिथून पंधराव्या दानपर्यंत. शिकवण्याच्या दृष्टीने खरी पायरी पाचव्या दानची आहे. त्याची परीक्षा वेगळीच असते. परीक्षार्थी डोळे मिटून सेइझात बसतो, मागे तलवारधारी परीक्षक उभा असतो, आणि वार खाली यायच्या क्षणी बाजूला सरकायचं. ही परीक्षा वर्षानुवर्षं हात्सुमींच्या समोर होत आली. ती पार करणाऱ्याला ‘शिदोशी’, म्हणजे स्वतंत्रपणे शिकवणारा शिक्षक, होता येतं. पहिल्या ते चौथ्या दानचा माणूसही शिकवू शकतो, पण एखाद्या शिदोशीच्या हाताखाली. त्याला ‘शिदोशी-हो’ म्हणतात.

म्हणून दुसऱ्या दानचा तरुण शिक्षक भेटला तर नाक मुरडू नका. फक्त विचारा, “तुमचे शिदोशी कोण?” आणि शक्य असेल तर त्या शिदोशींना एक नम्र मेल टाका: अमुक शिक्षक तुमच्याकडे शिकतात का, एवढंच. यात अपमान नाही. चांगल्या शिक्षकांना हे आवडतं, कारण त्यांच्या नावावर दुकान थाटणाऱ्यांचा त्रास त्यांनाही होतो.

प्रमाणपत्र दाखवलं तर ते हातात घेऊन बघा. दानची प्रमाणपत्रं जपानच्या मुख्य दोजोतून (दोजो म्हणजे सरावाची जागा) येतात. मजकूर जपानी, खाली लाल मोहर. जपानी वाचता येत नसेल तर परवानगी घेऊन फोटो काढा आणि मोबाइलवरच्या भाषांतराच्या ॲपने नाव व श्रेणी जुळते का ते पाहा. मजकूर सगळा इंग्रजीत, देणारी संस्था शिक्षकाच्या स्वतःच्याच नावाची, आणि सही करणाराही तोच असेल, तर तो कागद त्याने स्वतःलाच दिलाय.

धोक्याच्या खुणा. चाळिशीच्या आतला ‘ग्रँडमास्टर’. एकाच माणसाकडे निन्जुत्सू, कराटे, किकबॉक्सिंग, योगा आणि झुंबा या सगळ्यांचे काळे पट्टे. “सहा महिन्यांत ब्लॅक बेल्ट”. “दहावा दान, पण जपानला कधी जायची गरज पडली नाही”. भिंतीवर नेत्यांकडून सत्कार घेतानाचे फोटो भरपूर, पण शिक्षकांसोबत घाम गाळतानाचा एकही नाही.

एक गोष्ट मनापासून सांगते, कारण आमच्यातलेच लोक ती झाकतात. श्रेणी खरी असली म्हणजे शिकवणं चांगलं असतंच असं नाही. बुजिनकानमध्ये स्पर्धा नाहीत आणि खुली झुंजही फारशी होत नाही, त्यामुळे कच्चा माणूसही वर चढू शकतो. कागद खरा निघाला की तपास संपत नाही. पुढचा टप्पा म्हणूनच गाळायचा नाही.

## टप्पा ६ : एक वर्ग कोपऱ्यात बसून पूर्ण बघा

पैसे भरायच्या आधी. अर्धा नाही, पूर्ण. वही घेऊन जा.

आधी खाली बघा. जमिनीवर काय आहे? चांगल्या वर्गात ज्युदोच्या गाद्या किंवा निदान ४० मिलिमीटरच्या एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या मॅट असतात. मैदानावर भुसभुशीत गवत असलं तरी चालतं. तालमीच्या आखाड्यातली ताक-तेल-हळद घालून मळलेली लाल माती तर पडायला शिकण्यासाठी उत्तम. फरशीवर नुसती सतरंजी असेल तर उठून या.

मग नवशिक्यांकडे बघा, शिक्षकाकडे नंतर. सहा महिने झालेली मुलं पडतात तेव्हा आवाज कसा येतो? ‘धप्प’ असा जड आवाज म्हणजे हाड थेट जमिनीला लागतंय. पडायला शिकलेला माणूस चादर पसरल्यासारखा खाली जातो आणि लगेच उठतो.

जोडीने सराव चालू असताना कुणी थाप मारतो का, आणि मारल्यावर दुसरा लगेच सोडतो का? दुखायला लागलं की जोडीदाराच्या अंगावर किंवा जमिनीवर दोनदा थाप मारायची, हात अडकले असतील तर ‘माइत्ता’ म्हणायचं. थाप ऐकूनही क्षणभर जास्त दाबून धरणारी मुलं आणि त्यांच्याकडे बघून हसणारा शिक्षक दिसला, तर त्या वर्गात पाऊल टाकू नका.

शिक्षक मुलांना इजा होईल असं तंत्र अंगावर जोरात करून दाखवतो का, प्रश्न विचारणाऱ्याला गप्प करतो का, जुने विद्यार्थी किती आहेत, तेही टिपा. चार-पाच वर्षं टिकलेली दोन-तीन माणसं असणं ही फार चांगली खूण.

मुलींनी आणखी तीन गोष्टी बघा: कपडे बदलायला दार लागणारी जागा, वर्गात आधीपासून मुली आहेत का, आणि पकड शिकवताना शिक्षक “हात लावू का?” असं विचारतात की सरळ धरतात. “मला आज मुलीबरोबरच सराव करायचाय” असं म्हणता येईल का, हे थेट विचारा. उत्तर देताना कुणी चेष्टा केली तर निर्णय झाला.

## टप्पा ७ : पैसे आणि कागद

महिन्याची फी महिन्याला भरा. वर्षाची एकदम भरल्यावर दोन हजार वाचतात म्हणून लोक भरतात आणि तिसऱ्या आठवड्यात पस्तावतात. पावती घ्या. दोजोची फी, संस्थेचं वार्षिक सदस्यत्व आणि परीक्षेची फी हे तीन वेगळे खर्च असतात. तिन्ही आकडे आधीच विचारून वहीत लिहा. ‘काळ्या पट्ट्यापर्यंतचं पॅकेज’ नावाची गोष्ट कुणी विकत असेल तर तो पट्टा विकतोय.

तुम्ही १८ पूर्ण केलेली असल्यामुळे दुखापतीच्या जबाबदारीचा कागद तुमच्याच सहीने होतो, आईवडिलांना कुणी विचारत नाही. म्हणून तो वाचून सही करा. जुनी दुखापत असेल तर लपवू नका, फॉर्मवर लिहा आणि शिक्षकांना तोंडीही सांगा. तात्पुरता संकोच परवडतो.

## टप्पा ८ : पहिला वर्ग

पोशाख अजून घ्यायचा नाही. ढगळ ट्रॅक पँट, पूर्ण बाह्यांचा जाड टीशर्ट, कारण लोळताना कोपरं सोलतात. नखं कापलेली. अंगठी, कडं, कानातलं, गळ्यातला धागा, मंगळसूत्र काढून किंवा नीट चिकटपट्टीने बांधून. आधी दोन तास जड जेवण नको.

वर्ग सुरू होताना सगळे सेइझात ओळीने बसतात. बुजिनकानच्या दोजोत शिक्षक ‘शिकिन हारामित्सु दाइकोम्यो’ म्हणतात, विद्यार्थी ते पुन्हा म्हणतात, मग दोन टाळ्या, नमस्कार, एक टाळी, नमस्कार, आणि ‘ओनेगाइशिमासु’. पाठ करून जायची गरज नाही, शेजाऱ्याकडे बघून करा. काहींना शंका येते की हे धार्मिक आहे का. तालमीत लाल मातीला हात लावून कपाळाला लावतो, तसंच हे. मन जागेवर आणण्यासाठी. नको वाटलं तर शांत बसून राहा, चांगला शिक्षक आग्रह करत नाही.

उशीर झाला तर दारात थांबा, शिक्षकांनी खूण केली की आत या. आधी दुसरीकडे काही शिकला असाल तर ते पहिल्या दिवशी दाखवू नका.

## टप्पा ९ : पहिले तीन महिने

आठवड्यातून दोन वर्ग आणि घरी रोज पंधरा मिनिटं. याहून जास्त घाई केली की सांधे बोलायला लागतात.

पडणं, म्हणजे उकेमी. सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवा. पुढची लोळण (झेनपो काइतेन) एका गुडघ्यावर बसून सुरू करतात. उजवा हात समोर गोल, चाकाच्या कडेसारखा. करंगळीची बाजू आधी टेकते, मग हाताची बाहेरची कड, मग खांद्याची मागची बाजू, तिथून पाठीवर तिरकं, आणि शेवटी डाव्या कुल्ल्यावरून वर. नजर स्वतःच्या पट्ट्याकडे, हनुवटी छातीशी. डोकं जमिनीला लागायचंच नाही.

हे बरोबर जमतंय का ते बघायची एक सोपी युक्ती मला माझ्या शिक्षकांनी दाखवली. गडद रंगाचा टीशर्ट घाला, मॅटवर टाल्कम पावडर हलकी भुरभुरा आणि एकच लोळण घ्या. मग टीशर्ट काढून बघा. पांढरा पट्टा उजव्या खांद्यापासून डाव्या कमरेकडे तिरका गेलेला हवा. कण्यावर सरळ उभा पट्टा म्हणजे तुम्ही मणक्यावरून लोळलात. खांद्याच्या टोकावर, हाड लागतं तिथे, गोल ठिपका म्हणजे हात मध्येच कोसळला. माझ्या पहिल्या टीशर्टवर दोन्ही होते. बघून झाल्यावर पावडर पुसून टाका, मॅट निसरडी होते.

मागची लोळण (कोहो काइतेन) करताना पाय सरळ डोक्यावरून नेऊ नका. मान एका बाजूला, लोळण दुसऱ्या खांद्यावरून. मानेत कचकच झाली की त्या दिवशी तिथेच थांबा.

उभं राहणं, म्हणजे कामाए. इचिमोन्जी नो कामाएमध्ये पुढच्या पायाची बोटं समोरच्या माणसाकडे, मागचा पाऊल त्याला काटकोनात, वजन जास्त मागे, पुढचा हात लांब, मागचा हात पुढच्या कोपराच्या खळग्याजवळ. जवळपास प्रत्येक नवशिक्या इथे मागचा गुडघा आत पाडतो. गुडघा त्याच पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवा. दहाव्या दिवशी गुडघा आतल्या बाजूने दुखायला लागला तर कारण हेच. बैठक कमी खोल करा आणि रेष सुधारा.

सानशिन नो काता. पृथ्वी, पाणी, अग्नी, वारा, आकाश या नावांचे पाच छोटे क्रम. आपल्याला पंचमहाभूतं नवीन नाहीत, त्यामुळे नावं लगेच लक्षात राहतात. एकट्याने करता येत असल्यामुळे घरच्या पंधरा मिनिटांसाठी हे सर्वांत चांगले. दोन्ही बाजूंनी करा. डावी बाजू टाळायची सवय पहिल्याच महिन्यात लागते.

किहोन हाप्पो. आठ मूलभूत तंत्रं, तीन प्रहाराची आणि पाच पकडीची. ओमोते ग्याकु, उरा ग्याकु ही मनगट फिरवण्याची तंत्रं इथे येतात, आणि बहुतेक दुखापती इथेच होतात. नियम एकच: जोडीदाराचं मनगट जिथे अडतं तिथे थांबा, आणि तिथून पुढे हाताने जोर न लावता पाय हलवून सगळं शरीर फिरवा. हाताची ताकद वापरावी लागली तर पाय चुकलेत.

तीन महिन्यांनी तपासा. दोन्ही खांद्यांवरून न दुखता लोळता येतं का? थाप मारायला लाज वाटते का? (वाटत असेल तर ती आधी घालवा.) सानशिनचे पाचही क्रम न विचारता करता येतात का? शिक्षकांनी तुमची किमान एक चूक नावानिशी दाखवून ती सुधारून घेतली का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नाही असेल तर तुम्ही गर्दीत हरवलात. शिक्षकांशी बोला, आणि तरीही बदललं नाही तर दुसरा वर्ग बघा.

आता पोशाख घ्या. काळा दोजी, शिक्षक सांगतील त्या रंगाचा पट्टा, आणि अंगठा वेगळा असलेले जिकाताबी बूट, तेही शिक्षकांनी लागतील म्हटलं तर. चेहरा झाकायचं फडकं कुठल्याही खऱ्या दोजोत रोजच्या सरावाला वापरत नाहीत.

## टप्पा १० : शस्त्रं आणि कायदा

पहिलं शस्त्र बहुधा हान्बो असतं, साधारण तीन फुटी काठी. मग लाकडी तलवार, म्हणजे बोक्केन, आणि सहा फुटी बो. सुताराकडून हान्बो करून घ्यायची असेल तर गाठ नसलेलं, सरळ रेषांचं लाकूड मागा आणि पॉलिश करू नका, हात घसरतो.

खरं पातं घेऊ नका. शस्त्र अधिनियम १९५९ खाली तलवार, खंजीर आणि घरगुती वा शेतीकामाच्या नसलेल्या, ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रांच्या यादीत येतात. ऑनलाइन मिळाली म्हणजे बाळगायला परवानगी आहे असं नाही. कुरिअरने तलवारी मागवणाऱ्यांवर आपल्याकडे गुन्हे दाखल झालेत.

काठीबद्दलही लक्ष ठेवा. सण, मोर्चे, निवडणुका असल्या की महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात आणि त्यात लाठ्या-काठ्या नेण्यावरही बंदी असते. गणपतीच्या दिवसांत खांद्यावर बो टाकून लोकलने जाणाऱ्या मुलाला पोलिसांनी अडवलं तर चूक पोलिसांची नाही. काठ्या दोजोतच ठेवायची सोय करा.

## जवळपास खरा शिक्षक नसेल तर

ही वेळ बहुतेकांवर येते, त्यामुळे निराश होऊ नका आणि खोट्याकडेही वळू नका.

वर्ष-दीड वर्ष ज्युदो शिका. पडणं, तोल मोडणं, पकड हे सगळं तिथे उत्तम मिळतं, आणि पुढे निन्जुत्सूच्या वर्गात गेलात की सहा महिने वाचतात. ज्युदो नसेल तर गावातली कुस्तीची तालीम. शस्त्रांची ओढ असेल आणि कोल्हापूरच्या आसपास राहत असाल, तर मर्दानी खेळाचा आखाडा: लाठीचे पवित्रे आणि पायांची चाल शिकून घ्या. ते निन्जुत्सू नव्हे आणि तसं म्हणायचंही नाही, पण शरीर शहाणं होतं.

त्यासोबत दुसऱ्या शहरातल्या खऱ्या शिक्षकांशी संपर्क ठेवा. वर्षातून दोन-तीन शिबिरांना जा, परत येऊन शिकवलेलं तेवढंच घोटा, आणि पुढच्या वेळी दाखवा. व्हिडिओ फक्त एका कामासाठी वापरा: शिक्षकांनी शिकवलेलं विसरलं तर आठवायला. नुसत्या व्हिडिओवर पट्टे देणारा ऑनलाइन कोर्स घेऊ नका. मनगटावर किती जोर पडतोय हे पडद्याला कळत नाही.

जपानला जायचा विचार निदान पहिली दोन वर्षं बाजूला ठेवा. उकेमी पक्की नसताना गेलात तर तिथे कडेला बसून राहाल आणि तिकिटाचे पैसे वाया जातील. जाल तेव्हा नोदा टोक्योच्या उत्तरेला आहे, सोया सॉसचं गाव म्हणूनही ओळखलं जातं. व्हिसा तर लागतोच, पण त्याआधी चालू वर्षाचं सदस्यत्व काढा आणि तिथे कुणाच्या वर्गांना बसायचं ते आपल्या शिक्षकांना विचारून ठरवा. त्यांनी तिकडे दोन ओळी लिहून कळवलं असेल तर दारात उभं राहून ओळख सांगत बसावं लागत नाही. आणि सामानात जाड टीशर्ट जास्तीचे घ्या, तिथे एका दिवसात दोन-दोन वर्ग होतात.